नाव एका बापाचं, जमीन दुसऱ्याची

सकाळी सात

दिवाणी वकिलाचा दिवस कोर्टात सुरू होत नाही, फोनवर सुरू होतो. साताऱ्यात तर फार लवकर, कारण गावाकडची माणसं धारा काढून झाल्या की वकिलाला फोन लावतात. आजचा पहिला फोन मात्र पुण्याच्या एका बाईंचा. घटस्फोट झालेला, दुसरं लग्न झालेलं, पहिल्या लग्नाची मुलगी सात वर्षांची. नवऱ्याला तिला रीतसर दत्तक घ्यायचंय.

"पहिल्याची सही लागेल का हो, मॅडम?"

लागेल. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ चा. त्यात २०१० साली दुरुस्ती झाली आणि मूल दत्तक देण्याचा हक्क आईबापांना सारखा मिळाला, पण एकाने देताना दुसऱ्याची संमती हवी. सूट कधी, तर तो संन्यास घेऊन निघून गेला असेल, हिंदू राहिला नसेल किंवा कोर्टाने त्याला वेडा ठरवलं असेल.

"पाच वर्षांत मुलीची एकदा चौकशी केली नाही त्यानं. पोटगीचा रुपया नाही."

तेही ऐकलं, पण पोटगी बुडवणं त्या यादीत नाही. मग नव्या नवऱ्याचं वय विचारलं. पुरुषाने मुलगी दत्तक घ्यायची तर दोघांत किमान एकवीस वर्षांचं अंतर लागतं. ते भरत होतं. सही तेवढी राहिली. बाईंनी फोन जरा रागानेच ठेवला. राग माझ्यावर नव्हता, तरी सकाळी सात वाजता तो माझ्याच वाट्याला येतो.

साडेआठ

घराच्या पुढच्या खोलीतच ऑफिस. कारकुनाने रात्री टाइप करून ठेवलेला दत्तकपत्राचा मसुदा टेबलावर होता. संध्याकाळच्या पक्षकाराचा. बाई विधवा, मुलगा दहा वर्षांचा, दीड वर्षापूर्वी दुसरं लग्न. नवरा एसटीच्या आगारात मेकॅनिक, त्याचं पहिलंच लग्न. कागद सरळ दिसतो: पहिला बाप हयात नाही, म्हणजे आई एकटी मुलाला दत्तक देऊ शकते, सासरच्या कुणाची परवानगी लागत नाही. मुलगा पंधराच्या आतला. घेणाऱ्याला मुलगा नाही. आई त्याची बायको, तिची संमती आहेच.

मी थांबले ती साक्षीदारांच्या नावांवर. पहिला साक्षीदार मुलाचा सख्खा चुलता. कारकून म्हणाला, "तेच तर घेऊन आले होते मॅडम त्या बाईंना. फी पण तेच देणारेत. वर पोराच्या नावावर पन्नास हजार टाकतो म्हणाले."

मयत भावाच्या बायकोचं दुसरं लग्न झालं की चुलते सहसा तोंड फिरवतात. हा खिशात हात घालून निघाला होता. मी मसुद्यावर पेन्सिलीने 'थांबा' लिहिलं आणि कारकुनाला सांगितलं, त्या गावचे सातबारे काढ. पहिल्या नवऱ्याच्या नावाचे आणि सासऱ्याच्या नावाचे, दोन्ही. आता ते ऑनलाइन मिळतात, कोर्टाच्या वेळेआधी हातात आले. नवऱ्याच्या नावावर साठ गुंठे, त्यावर वारसनोंद झालेलीच नाही. सासऱ्याच्या नावावर चार एकर बागायत, फेरफारावरून स्वतः खरेदी केलेली. शिवाय वडिलोपार्जित तुकडे, सामाईक.

चुलत्याची माया कुठून आली ते सातबाऱ्यावर दिसत होतं.

अकरा

बोर्डावर माझी बाकीची कामं तारखा घेण्यापुरती. एक मुदतीचा अर्ज, एका दाव्यात कैफियत दाखल, निशाणी पाचवरचा युक्तिवाद पुढे ढकलला. खरं काम एकच: माझ्या वादीचा उलटतपास.

वादी चाळिशीचा. चार वर्षांचा असताना आईचं बोट धरून सावत्र बापाच्या घरी आला. त्या माणसाने त्याला शिकवलं, लग्न लावून दिलं, दुकानात शेजारी बसवलं. स्वतःचं मूल झालं नाही. आधी आई गेली, आठ महिन्यांनी बाप गेला. अग्नी यानेच दिला. तेराव्यानंतर बापाचे दोन भाऊ दारात उभे: घर आणि दुकानाचे गाळे आमचे.

पुकारा झाला, वादी पिंजऱ्यात चढला. प्रतिवादीचे वकील जुने, शांत माणूस. आवाज कधी चढत नाही.

"तुमचं पूर्ण नाव सांगा."

त्याने सांगितलं. मध्ये सावत्र बापाचं नाव, शेवटी त्याचंच आडनाव. शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, आधार, पासपोर्ट, लग्नपत्रिका, सगळीकडे तेच. मी हे सगळं सरतपासात निशाणी पाडून घेतलं होतं.

"तुमचं दत्तविधान कुठे झालं?"

"मी लहान होतो."

"कुणाकडून ऐकलंय का, कुठे झालं ते?"

गप्प.

"तुमच्या आईने तुम्हाला त्यांच्या मांडीवर दिलं, असा काही कार्यक्रम झाला? भटजी, पाहुणे, फोटो?"

"आई मला घेऊनच त्या घरात आली. वेगळं काय द्यायचं?"

न्यायाधीशांनी क्षणभर वर पाहिलं. टायपिस्टच्या कळा वाजल्या. जबाबात ते वाक्य कोर्टाच्या भाषेत उतरलं: हे म्हणणे खरे आहे की, माझे दत्तविधान झाल्याबाबतचा कोणताही कागद माझ्याकडे नाही. हे म्हणणे खरे आहे की, दत्तविधानाचा कोणताही विधी झाल्याचे मला माहीत नाही.

हिंदू कायद्यात होम लागत नाही, पण मूल प्रत्यक्ष देणं आणि घेणं लागतं, आणि तेही एका घरातून दुसऱ्या घरात देण्याच्या इराद्याने. एका छपराखाली छत्तीस वर्षं राहणं म्हणजे ते नव्हे. दाखल्यावरचं नाव ही शाळेत भरलेली माहिती असते. नोंदणीकृत दत्तकपत्र असतं, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची त्यावर सही असती, तर कोर्टाने दत्तक झालंच असं धरून पुढे चाललं असतं आणि ते खोटं पाडण्याचं ओझं भावांवर पडलं असतं. एका दिवसाचं काम होतं दुय्यम निबंधकाकडे.

हिंदू वारसा कायद्याच्या अनुसूचीत पहिल्या वर्गाच्या वारसांत मुलगा आहे, मुलगी आहे, बायको आहे, आई आहे. सावत्र मुलगा पहिल्या वर्गात नाही आणि दुसऱ्यातही नाही. भाऊ दुसऱ्या वर्गात आहेत. पहिल्या वर्गात कुणीच उरलं नाही की ते पुढे येतात.

आता यातली जिव्हारी लागणारी गोष्ट. आई जर नवऱ्यानंतर गेली असती, तर हा खटलाच उभा राहिला नसता. नवरा मेल्यावर पहिल्या वर्गाची एकटी वारस म्हणून सगळं तिच्याकडे आलं असतं, आणि तिच्यामागे तिच्या पोटचा मुलगा म्हणून याच्याकडे. कोणत्या लग्नाचा, हे तिथे कुणी विचारलं नसतं. आई आठ महिने आधी गेली एवढ्यावर घर फिरलं. उलट बाजूने पाहिलं तर, सावत्र आईच्या मालमत्तेत सावत्र मुलगा 'मुलगा' म्हणून येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या निकालात सांगितलंय; तो येतो तिच्या नवऱ्याचा वारस म्हणून, तिची स्वतःची मुलं आणि नवरा यांच्यानंतरच्या रांगेत. म्हणजे तिथे त्याला निदान मागचं दार आहे. सावत्र बापाच्या घराला तेही नाही.

पिंजऱ्यातून उतरल्यावर वादीने विचारलं, "बरं झालं ना मॅडम?" मी म्हटलं, अजून शेजारच्या आजोबांची साक्ष व्हायचीय. त्यांना एक सत्यनारायण आठवतो, त्या दिवशी म्हणे मुलाला मांडीवर घेतलं होतं. त्यांच्या आठवणीवर आमचा दावा उभा आहे.

दोन

बाररूममध्ये डबा. ज्युनिअर मुलीने एक प्रश्न आणला होता: मुस्लिम सावत्र बाप, हिंदू दत्तक कायदा त्याला लागू नाही, मग काय करायचं? दत्तक घ्यायचंच असेल तर बाल न्याय कायद्याचा रस्ता कुठल्याही धर्माच्या माणसाला मोकळा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलंय. तो नको असेल तर हयातीतच हिबा, म्हणजे बक्षीस, आणि ताबा लगेच द्यायचा. मृत्युपत्राने तो वारस नसलेल्याला एक तृतीयांशापर्यंतच देऊ शकतो. त्यापुढे वारसांनी हो म्हटलं पाहिजे.

समोरचे ज्येष्ठ वकील चटणीभाकरी खाता खाता म्हणाले, "साताऱ्यात दत्तकाचं काम जपून करावं. इथं दत्तकावरून राज्य गेलंय." खरंच आहे. १८४८ मध्ये शहाजी महाराजांनी मरणाच्या दारात मुलगा दत्तक घेतला, कंपनीने तो मानला नाही आणि सातारा खालसा केलं. खालसा धोरणातलं डलहौसीचं हे पहिलं मोठं संस्थान. आमच्या बाररूमला हा विनोद पुन्हा पुन्हा करायला आवडतो.

साडेतीन

जिल्हा न्यायालयात एक किरकोळ अर्ज. अज्ञान मुलीच्या नावाची जमीन विकायची परवानगी. नैसर्गिक पालकालाही अज्ञानाची स्थावर मालमत्ता कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. इथे अर्ज केला होता सावत्र बापाने, दुसऱ्या वकिलाकडून, आणि तो निकाली काढायला मी आईतर्फे नवा अर्ज दिला. सावत्र बाप आणि सावत्र आई नैसर्गिक पालकांत मोडत नाहीत, हे पालकत्वाच्या कायद्यातच लिहिलंय. दत्तक झालं की चित्र पालटतं. मुलगा दत्तक गेला की पालकत्व दत्तक बापाकडे जातं, मुलाने पहिल्या घरून आणलेल्या जमिनीचंसुद्धा. हे संध्याकाळच्या मंडळींना सांगायचं, म्हणून डायरीत खूण केली.

सहा

तिघं आले. बाई, तिचा नवरा आणि चुलता. मुलगाही होता, तो बाहेर पायरीवर मोबाइल बघत बसला. मी चुलत्याला चहा सांगितला आणि बाहेर बसायला सांगितलं. त्याला ते आवडलं नाही.

"मी घरचाच माणूस हाय, वकीलबाई."

"म्हणूनच बसा बाहेर. तुमची सही या कागदाला लागत नाही. आणि ते पन्नास हजार कुठे बोलू नका; दत्तकापोटी पैसे देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद."

तो गेल्यावर मी सातबारे टेबलावर पसरले.

"बाई, तुमचे पहिले मालक गेले त्या दिवशी हे साठ गुंठे कुणाचे झाले?"

"मामंजींचेच असणार की."

नाही. बाप पहिल्या वर्गात येत नाही, आई येते. मेलेल्या मुलाचे वारस तीन: बायको, मुलगा आणि त्याची आई. वीस, वीस, वीस. सासूबाईंचे वीस, हिचे वीस, पोराचे वीस. आणि हिने दुसरं लग्न केलं म्हणून तिचे वीस गुंठे जात नाहीत. वारसा उघडला तेव्हा ती विधवा होती आणि हिस्सा तेव्हाच तिच्यात आला. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग सातबाऱ्याकडे. बोट ठेवून पहिल्या नवऱ्याचं नाव वाचलं.

"पोराचे वीस गुंठेपण दत्तक गेल्यावर जाणार नाहीत," मी म्हटलं. दत्तकाच्या दिवसाआधी जी मालमत्ता मुलाच्या नावे पक्की झाली, ती त्याच्याबरोबर जाते. हे कायद्याच्या बाराव्या कलमात स्पष्ट आहे. नोंद नसली तरी हक्क आहे, पण नोंद करून घ्या आधी. वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात कोण म्हणतंय.

पुढचं अवघड होतं, म्हणून सावकाश सांगितलं.

सासऱ्यांचे चार एकर. ते हयात आहेत, म्हणून त्यात आज कुणाचाच हक्क नाही. पण ते मृत्युपत्र न करता गेले, तर मेलेल्या मुलाचा मुलगा पहिल्या वर्गाचा वारस आहे. बापाच्या जागी तो उभा राहतो, चुलत्याच्या बरोबरीने. दत्तकपत्रावर सही झाली की त्या दिवसापासून हा मुलगा त्या घरचा राहत नाही. नातं तुटतं, लग्नाच्या निषिद्ध नात्यांपुरतं तेवढं उरतं. मग आजोबा दुसऱ्या दिवशी गेले तरी नातवाचं नाव वारसांत नाही. आणि वडिलोपार्जित, वाटणी न झालेल्या तुकड्यांत मुलाला जन्माने मिळालेला जो स्वतःचा हिस्सा, तोही मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या निकालाप्रमाणे बरोबर येत नाही. वाटणी झाली नसेल तर तो 'पक्का झालेला' धरत नाहीत. आंध्रच्या उच्च न्यायालयाने एकदा उलट सांगितलं होतं, पण आपण साताऱ्यात आहोत. बापाचा हिस्सा वेगळा: तो बाप मेला त्या दिवशीच वारसांत उतरला, तो टिकतो.

नवरा इतका वेळ गप्प होता. हाताला ग्रीसचा वास, नखं काळी. म्हणाला, "मला त्यांच्या चार एकराचं काय करायचंय? पोरगं मला पप्पा म्हणतंय. शाळेत माझं नाव लागलं पाहिजे, बस."

"नाव लावा की. त्याला दत्तक लागत नाही."

२०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्रच्या एका प्रकरणात हेच सांगितलं: बाप गेल्यावर आई मुलाची नैसर्गिक पालक, तिने दुसरं लग्न केलं तर मुलाचं आडनाव ठरवायचा हक्क तिचा, आणि नव्या नवऱ्याला दत्तक द्यायचाही तिचाच. तिथे सासरच्यांनी अडवलं होतं. इथे सासरचे ढकलत होते, एवढाच फरक.

"मग मी गेल्यावर माझ्या दोन खोल्या?"

"मृत्युपत्र करा. उद्या करा." दोन साक्षीदार, नोंदणी करून टाका. मृत्युपत्राने सावत्र मुलाला सगळं देता येतं; वडिलोपार्जितातला स्वतःचा हिस्साही. बक्षीसपत्राच्या फंदात आत्ता पडू नका: राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला बक्षीस दिली तर दोनशे रुपये मुद्रांक शुल्काची सवलत आहे, पण त्या यादीत सावत्र मुलगा नाही. दत्तक घेतलं तर मात्र एक गोष्ट जास्त मिळते. तुमच्या गावच्या वडिलोपार्जित जमिनीत तो तुमच्या पोटच्या मुलासारखा हिस्सेदार होतो. हा फायदा खरा आहे, तो मी लपवणार नाही.

"मग?"

"मग तुम्ही ठरवायचं, तिकडचे चार एकर महत्त्वाचे की इकडचे." आणि हेही सांगितलं की सासरे उद्या सगळं चुलत्याच्या नावे लिहून देऊ शकतात, स्वकष्टार्जित आहे. एकदा त्यांच्याशी बोला. म्हातारा माणूस आहे, नातू आहे. चुलत्याच्या तोंडून नको, स्वतः जा.

बाई उठता उठता म्हणाली, "मला चौथा महिना आहे, मॅडम."

मी दोघांना परत खाली बसवलं. हिंदू दत्तक कायद्याने मुलगा दत्तक घ्यायचा तर घेणाऱ्याला हयात मुलगा असता कामा नये. नवऱ्याला मुलगा झाला की हा दरवाजा बंद. मुलगी झाली तर उघडा. नवऱ्याचा चेहरा पडला. पण त्यानंतरही बाल न्याय कायद्याचा रस्ता आहे, सावत्र पालकासाठी खास तरतूद आहे, आधीचं मूल असणं तिथे आड येत नाही. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी, जिल्हा बाल संरक्षण कक्षाची पडताळणी, मग आदेश. वेळ लागतो. परिणाम तोच: पहिलं घर सुटतं, आधी पक्की झालेली मालमत्ता बरोबर येते. म्हणजे घाई करायचं कारण चुलत्याला आहे, तुम्हाला नाही.

चुलता दारात उभा होता. "झालं का मग? उद्या रजिस्टर करायचं ना?"

"उद्या वारसनोंदीचा अर्ज द्यायचा," मी म्हटलं. "तुमच्या भावाच्या साठ गुंठ्यांचा. सही लागली तर तुम्हाला बोलावू."

साडेआठ

मंडळी गेल्यावर मृत्युपत्राचा मसुदा ज्युनिअरला सांगितला. 'माझ्या पत्नीचा पहिल्या विवाहापासूनचा मुलगा' असं नातं स्पष्ट लिहायचं, पूर्ण नाव, जन्मतारीख घालायची. नुसतं 'माझा मुलगा' लिहिलं आणि उद्या पोटचा मुलगा झाला, तर भांडायला जागा राहते. विमा आणि भविष्य निर्वाह निधीत नामनिर्देशन बदलायला सांगायचं, पण नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, हे त्याच पानावर लिहून द्यायचं. लोक फॉर्म भरतात आणि निश्चिंत होतात.

मग सकाळच्या पुण्याच्या बाईंना फोन केला. पहिल्या नवऱ्याची संमती मिळेपर्यंत मृत्युपत्र त्यांच्या नव्या नवऱ्यानेही करून ठेवावं, एवढं सांगितलं. यावेळी त्यांनी ऐकून घेतलं.

हे वाचणाऱ्यांत कुणी पहिल्या लग्नाचं मूल घेऊन दुसऱ्या संसारात असेल, तर दत्तकाच्या कागदावर सही करण्याआधी चार गोष्टी घेऊन कुठल्याही वकिलाकडे जा: पहिल्या बापाचा मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा, त्याच्या नावाचे आणि त्याच्या आईबापाच्या नावाचे सातबारे किंवा मिळकतपत्रिका, मुलाचा जन्मदाखला, आणि नव्या नवऱ्याला मुलं आहेत का याची खरी माहिती. सल्ल्याला जाताना पहिल्या सासरचं कुणी बरोबर नेऊ नका. आणि हे लक्षात ठेवा की कायदेशीर झालेलं दत्तक नंतर रद्द करता येत नाही. घेणाऱ्याला नाही, देणाऱ्याला नाही, आणि मोठेपणी मुलालाही ते नाकारून पहिल्या घरी परतता येत नाही.